कुकवाखालचा नंबर

बुधवार, दिवेलागण

म्हाताऱ्याचं श्वासाचं मशीन कंपनीने परत मागवलंय. आतला स्पंज झडतो आणि छातीत जातो म्हणे. सुनेने फोनवर वाचून दाखवलं, वापर ताबडतोब थांबवा. थांबवा? हा काय मिक्सर आहे, आज चटणी पाट्यावर वाटून घेऊ?

मी कंपनीत फोन लावला. पोरगी म्हणाली, "आजी, मशीनवरचा नंबर सांगा, बदलून देऊ." बघते तर नंबरावर कुकू. दसऱ्याला पूजा मीच केली. एवढं मोठं मशीन, तेलकुकवाचं बोट टेकवायला मला तीच चिठ्ठी सापडली? पुसलं तर शेवटचे आकडेही निघून गेले.

"मग खोक्यावर बघा," पोरगी म्हणाली. खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने हाताला दोन चोची मारल्या, पण नंबर मिळाला. नवं मशीन कधी येणार, तर पोरगी म्हणते, "महिनाभर लागेल." आणि तोवर? "डॉक्टरांना विचारा." डॉक्टर म्हणाले, बंद करणं जास्त वाईट, नवं येईपर्यंत हेच लावा.

म्हातारा खाटेवरून विचारतो, "नव्या मशीनलेबी कुकू लावशी का?"

"तुमना कपायले लावसू," मी म्हटलं.

तो हसला आणि खोकत सुटला. ताबडतोब थांबवा म्हणाले त्याच मशीनचा मास्क मी माझ्या हाताने त्याच्या तोंडावर बांधला. आत काय झडतंय, ते कान लावून ऐकत बसलेय.