पत्रिकेचं डोकं

बाबा, आज तुम्हाला लिहायला बसले ती नातीच्या लग्नपत्रिकेमुळे. तिने संगणकावर एक प्रोग्राम लिहिला आहे. पाहुण्यांची नावं त्यात घातली की ज्याच्या त्याच्या नावाची पत्रिका छापायला तयार होऊन बाहेर येते. पहिली पत्रिका तिने कौतुकाने माझ्या हातात दिली. वर मधोमध ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’. हे कोणी घातलं, मी विचारलं. ती म्हणाली, “आजी, मी नाही घातलं. साच्यातच आहे, आपोआप येतं.” मी खुर्ची ओढून बसले. हे वाक्य मी एकदा तुमच्या प्रेसात ऐकलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. कागद मिळत नव्हता. मी बी.ए. झाले होते आणि इंझोरीचं स्थळ ठरलं होतं. वाशिमच्या त्या प्रेसात तुम्ही शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिकेची वरची ओळ दर वेळी नव्याने जुळवायला नको म्हणून दोऱ्याने घट्ट बांधून फळीवर ठेवलेली असायची. तिला सगळे ‘डोकं’ म्हणत. कोणाचीही पत्रिका असो, आधी डोकं बसायचं, मग खाली नावं. माझ्या पत्रिकेवर तुम्ही ते घेतलं नाही. धम्म घेतल्यानंतरचं आपल्या घरातलं हे पहिलं लग्न. तुम्ही एकेक खिळा वेचून ‘नमो बुद्धाय’ जुळवलं, छपाईचा फर्मा तयार करून ठेवला आणि आत्याला आवतण द्यायला केनवडला गेलात.

संध्याकाळी तुम्ही परत येता तेव्हा मी तुमचा डबा न्यायला प्रेसात आलेली आहे. पत्रिका छापून वाळत पडल्या आहेत. वर गणपती, त्याच्याखाली बुद्ध. मशीनवाले काका खुशीत आहेत. तुमचा चेहरा पाहून त्यांचा उतरतो.

“भाऊ, मले वाटलं लेकीच्या घाईत डोकं इसरले. म्या नाही बसवलं, हातानं बसवलं. आपोआपच.”

मालक आतून म्हणाले, राहू द्या, वरचं कोण वाचतं. तुम्ही पत्रिका गोळा करत म्हणालात, “वरचं कोणी वाचत नाही मालक, म्हणूनच थे हालत नाही.”

दुसरा कागद नव्हताच. तुम्ही गठ्ठा कटिंग मशीनखाली धरला आणि वरची पट्टी कापून काढली. तुम्ही चिडाल म्हणून मी वाट पाहत होते. तुमच्या जागी मी असते तर काकांना फाडून खाल्लं असतं. तुम्ही मात्र कापलेल्या पट्ट्या नीट जमवल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. ज्याचं त्याच्याकडे, एवढंच म्हणालात. काकांनी त्या कपाळाला लावून पिशवीत ठेवल्या.

इंझोरीला तुम्ही आणि आई पत्रिका घेऊन गेलात तेव्हा माझ्या चुलतसासऱ्यांनी ती उलटीपालटी केली. “काहो इवाई, उंदरानं कुरतडली का?”

“हो ना. उंदीर आमच्याच घरचा हाय,” तुम्ही म्हणालात.

बैठक हसली. तुम्हीही हसलात. तुमचा अंगठा तेवढा कापलेल्या काठावरून फिरत राहिला. आईने मला हे नंतर सांगितलं, आणि सांगताना तीही स्वतःचा अंगठा तसाच फिरवत होती.

लग्न झाल्यावर तुम्ही आपली ओळ पुन्हा जुळवलीत, दोऱ्याने बांधलीत आणि जुन्या डोक्याशेजारी फळीवर ठेवलीत. काकांना म्हणालात, “आता हाताले दोन डोके हायेत. इचारून लावजो.”

पण आपल्या लोकांत तेव्हा पत्रिका कोण छापत होतं? निरोपच जायचे. ती ओळ फळीवर तशीच पडून राहिली. बांधल्यावर तिला पहिली शाई लागली ती पुढच्या हिवाळ्यात, तुमच्या निधनाच्या पत्रकावर. मी सासरहून पोचले तेव्हा काका ओटीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन बसले होते. उठले नाहीत. “इचारून लावजो म्हणले होते भाऊ. आता कोणाले इचारू? तूच सांग लेकी, लावलं थे बरं केलं ना?”

बरं केलंत काका, मी म्हणाले.

मग ती ओळ लागत गेली. गावोगावच्या आपल्या पत्रिकांवर लागून लागून झिजली. प्रेस बंद झाला तेव्हा काकांनी ती मला आणून दिली.

आज मी नातीला म्हटलं, साचा उघड. तिने बराच वेळ शोधलं. साचा स्वतःच्या मनाने गणपतीची ओळ कुठे घालतो ते सापडलं आणि तिने ते बंद केलं. आता वर आपोआप काही येणार नाही, म्हणाली. काय हवं ते आपण सांगायचं. मी पेटीतून तुमची ओळ काढून आणली.

बाबा, उलटे खिळे वाचायला तुम्हीच मला शिकवलं होतं, शाळेत सुलटं शिकण्याआधी. आज ती ओळ हातात धरली आणि मला एक अक्षर लागलं नाही. काय लिहिलंय ते ठाऊक होतं म्हणून वाचल्यासारखं केलं. पोरीने मोबाईलवर फोटो काढला, तो उलटा केला आणि मोठ्याने वाचलं.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून पेटीत ठेवते आहे. तिथली जागा आजच रिकामी झाली.

दिलं: खिळ्यांची एक ओळ, झिजलेली, प्रेसातल्याच दोऱ्याने बांधलेली. घेणारी, तुमची पणती. गाठ पणजोबांची आहे, सोडू नको, असं सांगून दिली.