हाकेला ओ

प्रिय सोमाभाऊ,

तेरवीला लिहिलं नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला पटत नाही. आज लिहितोय, कारण तू हाका मारणं थांबवत नाहीस.

तुझी हाक मी ओळखणार नाही का? आधी खाकरणं, मग लांब "होऽऽ", शेवट थोडा वर चढलेला. मोहाची फुलं गळायला लागली आणि पहिल्याच सकाळी ती, तू वेचायचास त्या झाडाकडून आली. फुलं वेचायला गेलेल्या आम्ही तिघांनी सवयीनं ओ दिली. जाऊन पाहिलं, कोणी नाही! झाडाखालचा पाला मात्र झाडून काढलेला, फुलांवर एक पाऊल नाही. तू घरी खाटेवर गेलास. जंगलात तुझं काय राहिलं होतं, भाऊ?

आठवतं, मी तुला कायदा शिकवायचो? सातवीत शाळा सुटली, पण कलमं मी स्वतः वाचून पाठ केली. म्हणालो होतो, परक्याच्या हाकेला ओ देण्याचं बंधन कोणत्याच कलमात नाही. तू हसलास.

"वाघ कलम वाचून येते काय बे? वाकून फुलं वेचणारा त्याले जनावरच दिसते, आवाजानंच माणूस कळते. हाक आली की ओ दे. कोणाची हाये, ते मंग पाहू."

आता अख्खं गाव माझ्या कायद्यानं चालतंय! मेलेल्याला ओ दिली तर त्याच्यामागं जावं लागतं म्हणे. म्हणून कोणीच कोणाला ओ देत नाही. तुझा मुलगा वरोऱ्याला कामावर, सून रेखा एकटीच मोह वेचायला जाते. काल ती अर्धीच भरलेली टोपली घेऊन माझ्या दारात आली. नाल्यात वाघाचे ताजे पंजे होते.

"मामाजी, घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. काऊन गप्प बसले सारे? जित्या माणसाले तरी ओ द्या ना!"

माझी बायको आतून ओरडली, "देऊ नका! माह्या कुकवाचा काही इचार हाये का नाई?"

मी मान खाली घालून आत गेलो. तू असतास तर मला शिव्या दिल्या असत्यास.

आज उजाडताना दोन हाका एकदम आल्या. एक रेखाची, एक तुझी. दोन्हींना मिळून मी एकच ओ दिली. रेखाचा "होऽ" आला, धीर आलेला. तुझी हाक पुन्हा आली. या वेळी अर्ध्याच अंतरावरून.

तरी वचन देतो, भाऊ. हाक आली की मी ओ देईन, कोणाची ते आधी विचारणार नाही. रेखा जंगलात एकटी पडणार नाही.

तूही एक पाळ. ओ ऐकून जवळ येऊ नकोस.

तुझ्या शेजारच्या झाडाखालचा,
वामन