आधी यशोगाथा, मग दुकान

५ फेब्रुवारी
आजपासून मी यशोगाथाकार! वर्तमानपत्राने जिल्ह्याची पानं कमी केली, त्यात माझं पान गेलं. मग तरुणांना हातचं काम शिकवणाऱ्या, परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या एका संस्थेने मला पदरात घेतलं. तिथला समन्वयक हिमांशू. वय माझ्या स्कूटरपेक्षा कमी. मला काका म्हणतो आणि कामं मालकासारखी सांगतो. देणगीदारांना या महिनाअखेर अहवाल हवाय, त्यात एक यशस्वी मुलगी हवीय. अभ्यासक्रम मात्र संपणार एप्रिलमध्ये. "काका, थोडं पुढचं लिहा ना."
आमच्या पोथ्यांत आधी व्रत, मग फलश्रुती. इथं फलश्रुती छापून झाली की व्रताला बसायचं.

७ फेब्रुवारी
पडेगावच्या केंद्रावर गेलो. यशस्वी होण्यासाठी नेमलेली मुलगी — तनुजा. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरायला शिकतेय. म्हणजे जळकी तार काढून तांब्याची नवी गुंडाळायची. नखांत वार्निश. पुढे काय, असं विचारलं तर म्हणाली, "बाप म्हणतो लगीन." आणि तुझं? "दुकान." एवढं बोलून डोकं पुन्हा वेटोळ्यात.
घरी येऊन लिहून टाकलं: तनुजाने दौलताबाद रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं आहे, वडील कडुबा यांना लेकीचा अभिमान वाटतो. बायकोने, भानुमतीने वाचलं. म्हणाली, "तिनं दुकान थाटलंय हे तिला तरी कळवलंत का?"

२५ फेब्रुवारी
परदेशी पाहुणे येतायत. दुकान बघायला!

६ मार्च
धावपळ. एका दिवसापुरता गाळा कुणी देईना. महिनाभरासाठी घ्यावा लागला. केंद्रातलं तार गुंडाळायचं यंत्र, टेबल, रिळं टेम्पोत घालून आणली. पेंटरने बोर्डावर नाव रंगवलं आणि मोबाइल नंबर कुठला टाकू म्हणाला. हिमांशू म्हणे, कुठलाही टाक. तनुजाने स्वतःचा सांगितला. एका दिवसासाठी खरा नंबर कशाला, ते मला कळलं नाही.
मग कडुबाची मनधरणी. ती अर्थात माझ्याकडे. चार म्हशी, मिरचीचं वावर, डोक्याला रुमाल. त्याचं म्हणणं, पोर रस्त्याकडेला दुकान मांडून बसली तर सोयरे काय म्हणतील. शेवटी म्हणाला, एक दिवस नाटक म्हणून बसू दे तिला. मला सूत्रधार म्हणाला नाही, हा त्याचा सभ्यपणा.

११ मार्च
झाला प्रयोग. पाहुण्या बाईंनी यंत्राचे, बोर्डाचे, तनुजाचे आणि दारातल्या एका शेळीचे फोटो काढले. मग कडुबाला विचारलं, लेकीकडे बघून काय वाटतं? दुभाषा मीच.
कडुबा म्हणाला, "ह्ये दुकान परवा नव्हतं, बाई. अन् उद्या बी राहणार नाय."
मी इंग्रजीत सांगितलं — प्रगतीचा वेग बघून ते थक्क झाले आहेत.
बाईंचे डोळे भरून आले. कडुबाने हळूच मला विचारलं, "येवढ्यात रडायला काय झालं हिला?"
तेवढ्यात बोर्ड वाचून दोन शेतकरी खरोखरच आले आणि जळक्या मोटारी टाकून गेले. हिमांशूला वाटलं, मी आणले. मला वाटलं, त्याने आणले.

१२ मार्च
सामान परत न्यायला टेम्पो आला. उंबऱ्यात तनुजा बसलेली. हिमांशूने तिला गोड शब्दांत समजावलं: यंत्र संस्थेचं, अभ्यासक्रम अजून बाकी, कार्यक्रम संपला. ती म्हणाली, "लोकांच्या मोटारी हायत आत. त्यांचं पाणी थांबलंय. तुम्ही भरून देता का, दादा?"
दादाचं एमबीए झालंय. मोटार त्या अभ्यासक्रमात नव्हती.
मग माझ्याकडे वळली. "सर, दुकान हाय असं तुम्हीच लिवलं ना? मग खोटं लिवलं का?"
इतक्या वर्षांच्या बातमीदारीत मंत्र्यांनी खुलासे मागितले, पण असा नाही. हिमांशूला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की दुकान बंद झाल्याचं पाहुण्यांना कोण कळवणार — तू की मी?
टेम्पो रिकामा गेला.

१७ मार्च
सकाळी केंद्र, दुपारी दुकान असं तिचं चाललंय. दोनपैकी एक मोटार विहिरीवर चालू करताच पुन्हा जळाली. शेतकरी चारचौघांत तिला वाटेल ते बोलला. तनुजाने शटरमागे जाऊन रडून घेतलं, मग मोटार परत उघडली. यशोगाथेत हा भाग नव्हता. मला सुचलाच नव्हता.

२४ मार्च
कडुबा घरात तिच्याशी बोलत नाही म्हणे. आज क्रांती चौकात त्याने मला गाठलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "सायेब, तुमची इज्जत कागदावर. माझी गावात. पाडव्याला जातो अन् माझ्या हातानं कुलूप घालतो."
संध्याकाळी हिमांशूला फोन केला — वडिलांच्या अभिमानाचं ते वाक्य तेवढं काढ. "काका, छापून झालं. सगळ्यांना तेच आवडलं."

२९ मार्च
उद्या पाडवा. तनुजा म्हणते, दुकान उघडणारच. मी जाऊन काय करणार आहे, ते भानुमतीने विचारलं. तरी जाणार आहे.

३० मार्च, पाडवा
यंत्राला तिने साखरगाठी घातली होती. दुपारी कडुबा आला. मोटरसायकलच्या मागे पोत्यात बांधलेली जळकी मोटार, हातात नवं कुलूप. मोटार उतरवली आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "मिरची सुकायली." सणामुळे शहरातली दुकानं बंद होती, बाकी काही नाही. तनुजाने मोटार हुंगली. "परवा मिळंल."
तो उभाच. मग कुलूप टेबलावर ठेवलं, वर किल्ली ठेवली.
"रातच्याला लावत जा. तांबं हाय. चोर नेतील."
आज दुभाष्याची गरज पडली नाही.