मंगळवारच्या खुर्च्या

नॉर्थ हॅल्व्हर, मिनेसोटा
९ जानेवारी २०१८

ती. सिग्रिडताईस,
एर्लंडचा सा. न. वि. वि.

तू विणलेले पायमोजे पोचले. थंडी अशी पडलीय की पार्सल फोडताक्षणी पायांत चढवले. डावा उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे. तुझं माप चुकलं की नजर गेली, ते कळव.

नगरपरिषदेनं यंदा मला निधीसमितीवर घेतलंय. माजी सैनिकांच्या क्लबात बियरबरोबर नशिबाच्या चिठ्ठ्या विकतात ना, कागदी खिडकी फाडायची, आतली चित्रं जुळली की पैसे, त्यांच्या नफ्यातला दहावा हिस्सा शहराकडे येतो. तो लोकांच्या कामी लावायचा. आजवर म्हाताऱ्यांच्या जेवणाला आणि हॉकीच्या बर्फाच्या मैदानाला लावला. यंदा डोरीन ब्रांडव्होल्डनं अर्ज केलाय. तिच्या नवऱ्यानं, वेंडलनं, या चिठ्ठ्यांपायी स्वतःचा ट्रक घालवला. ती म्हणते, अशा घरातल्या माणसांना दर मंगळवारी वाचनालयाच्या तळघरात बसायला जागा द्या, आणि ऐकून घेणारं एक जाणतं माणूस द्या. आमचे अध्यक्ष ड्वेन हसले. म्हणाले, उद्या गुत्तेवाल्याकडे दारू सोडायचं औषध मागाल! त्यांना मैदानाचा बर्फ गुळगुळीत करायला नवं यंत्र हवंय. समितीत आम्ही तिघंच, आणि तिसऱ्या ऑस्टबीबाई डोरीनच्या बाजूच्या. म्हणजे आलं माझ्यावर.

खरं सांगू? मलाही यंत्रच बरं वाटतं. चार चिठ्ठ्या फाडल्या तर काय आभाळ कोसळतं? आपले बाबा कधी तिकडे फिरकले नाहीत, म्हणून मला त्यातलं कळत नसेल. तुझं मत कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
एर्लंड

स्पोकेन
२० जानेवारी

चि. एर्लंडास,
अनेक आशीर्वाद.

मोजा बरोबर आहे, तुझा पायच आखूड आहे.

बाबा कधी तिकडे फिरकले नाहीत हे वाचलं आणि मी चष्मा काढून बसले. तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. कागदगिरणीत जादा पाळी आहे असं आई तुला सांगायची. ती पाळी क्लबातल्या स्टुलावर असायची. पगाराच्या दिवशी आई मला त्यांना आणायला धाडायची. फाडलेल्या कागदांत त्यांचे बूट बुडालेले असायचे. म्हणायचे, थांब गं पोरी, मोठं बक्षीस अजून चिठ्ठ्यांच्या याच पेटीत आहे. माझ्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे त्याच पेट्यांत गेले. मी भांडून घर सोडलं असं तुला सांगितलं गेलं. भांडले नव्हते रे. त्या स्टुलापाशी आणखी एकदा जाऊन उभं राहणं माझ्याच्यानं होईना.

धाकट्याला कळू द्यायचं नाही अशी आईची शपथ होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आज मोडते.

मत कुणाला द्यायचं ते तुझं तू बघ. एवढंच सांगते की आई भांडी घासताना नळ मोठा सोडायची, तो भांड्यांसाठी नव्हता. रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
सिग्रिडताई

नॉर्थ हॅल्व्हर
१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

रागावलो होतो. बाबांवर, आईवर, सगळ्यात जास्त तुझ्यावर. एकटीनं इतकी वर्षं का बाळगलंस म्हणून. आठवडाभर कुणाशी धड बोललो नाही.

काल बैठक झाली. मी ठरवून काही गेलो नव्हतो, पण ड्वेन म्हणाले की असल्या बायका नवऱ्यांना धाकात ठेवत नाहीत म्हणून ही वेळ येते. मग मी बाबांचं नाव घेऊन सगळं सांगितलं. डोरीन मागच्या बाकावर होती. ड्वेन बाबांबरोबर गिरणीत होते. ते कागद चाळत राहिले आणि हात विरोधातच वर केला. दोन विरुद्ध एक, अर्ज मंजूर. आज पेट्रोलपंपावर त्यांनी मला ओळख दिली नाही. क्लबातलेही दोघेतिघे म्हणाले की मेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर आणली. तुलाही तसं वाटतं का?

तुझा,
एर्लंड

स्पोकेन
२७ फेब्रुवारी

चि. एर्लंडास आशीर्वाद.

नाही वाटत. मला बाबा आवडायचे, हेही मी आजवर कुणाला सांगू शकले नव्हते. काल जेवताना मुलांना सांगितलं.

मंगळवारी कोण येतं ते कळव. कुणी आलं नाही तरी कळव.

सिग्रिडताई

नॉर्थ हॅल्व्हर
११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्या मंगळवारी डोरीन, समुपदेशक बाई आणि कॉफी करायला मी. दुसऱ्यालाही तेच. डोरीन म्हणाली, गावात सगळे सुखी आहेत वाटतं. तिसऱ्याला दोघी आल्या, गाड्या चर्चमागे लावून. काल सहा होते.

सगळे बसल्यावर जिना उतरून जोलीन आली. क्लबातल्या काचेमागे बसून चिठ्ठ्या विकते ती हीच. ती दारातच उभी राहून म्हणाली की कुणाचा पगार किती वेळात संपतो हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं, आणि अकरा वर्षं मी हसून पुढची चिठ्ठी देतेय. नोकरी सोडली तर घर चालत नाही. मी बसू शकते का, की जाऊ?

वेंडलला त्या चिठ्ठ्या हिनंच विकल्या होत्या. डोरीन तिच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की मीच म्हणणार होतो, आज राहू दे. मग तिनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

तुझा,
एर्लंड