टर्बोच्या पाइपात राहिलेला बोळा

प्रति,
मा. उपसंचालक (आस्थापना),
धान्य वाहतूक पथक, वऱ्हाड परिमंडळ,
अकोला.

अर्जदार : संघपाल मोतीराम सिरसाट, यांत्रिक, पथकाची कर्मशाळा, अमरावती.

विषय : चालक श्री. उत्तमराव खुशालराव बोबडे यांची बडतर्फी रद्द होऊन अर्जदारावर कारवाई होणेबाबत.

संदर्भ : १) बडतर्फी आदेश, दि. ३० ऑगस्ट २०२४.
२) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. १६ सप्टेंबर २०२४ व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करतो की,

१. दि. ११ मार्च रोजी अर्जदार धान्याच्या ट्रकचा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, दुरुस्तीनंतर परत बसवीत होता. पाइपाचे तोंड उघडे होते आणि आवारात धूळ उडत होती. भांडारात कापड शिल्लक नव्हते. ट्रकचे चालक उत्तमराव जवळच उभे होते. त्यांनी गळ्यातला दुपट्टा मधोमध फाडून अर्धा दिला. अर्जदाराने त्याचा बोळा करून पाइपात कोंबला. इतक्यात तत्कालीन पथकप्रमुखांच्या खाजगी कारचा एसी पाहण्याचा निरोप आला. तासाभराने परतल्यावर अर्जदाराने पाइप तसाच जोडला, पट्टे आवळले आणि नोंदवहीत 'काम पूर्ण' लिहून सही केली.

२. रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर बरा चालला. दुसऱ्या दिवशी धान्य भरून धारणीला निघाला, तो घाटात पहिल्या गिअरवर आला आणि काळा धूर ओकू लागला. उत्तमरावांनी परतल्यावर लेखी तक्रार दिली. अर्जदाराने डिझेलचा फिल्टर बदलला, जोडांना साबणाचे पाणी लावून हवा गळते का ते पाहिले. गळत नव्हती. हवेचा दाब मात्र चढत नव्हता. पाइप उघडून पाहणे अर्ध्या तासाचे काम होते. आपण बसवलेले आपणच उघडावे, हे अर्जदाराच्या मनाला पटले नाही. त्याने 'दोष आढळला नाही' असा शेरा दिला.

३. दि. १९ रोजी उत्तमरावांनी दुसरी तक्रार दिली. अर्जदाराच्या शेऱ्यावरून पथकप्रमुखांचा समज झाला की, हा मनुष्य धारणीची फेरी टाळण्यासाठी बहाणे करतो. दि. २१ रोजी त्यांनी सर्व कर्मचाऱ्यांना आवारात बोलावले. दम गाडीत नाही की चालकात, हे पाहू, असे म्हणून छप्पन वर्षांच्या उत्तमरावांना डोक्यावर बारदान्याचा गठ्ठा देऊन आवाराच्या चार फेऱ्या पळवले. तिसऱ्या फेरीत ते पडले. कोणीतरी मोबाइलवर चित्रण केले. ते बाळापूरला त्यांची मुलगी आचल हिच्या कॉलेजपर्यंत पोहोचले. अर्जदार त्या वेळी पाण्याच्या टाकीजवळ उभा होता आणि इतरांबरोबर हसला होता.

४. दुसऱ्याच दिवशी त्यांना पुन्हा धारणीला पाठवण्यात आले. घाटात भरला ट्रक चढेना. हँडब्रेक ओढूनही तो मागे सरकू लागला. सोबत दुसरा कोणी नव्हता. उत्तमराव उतरून मागच्या चाकाला दगड लावायला गेले. उजव्या हाताची चार बोटे चाकाखाली गेली.

५. दि. २६ रोजी ट्रक ओढून आणला गेला. आता उघडणे भाग होते. पाइपातून बोळा निघाला. अर्जदाराने तो पाहताक्षणी ओळखला. अहवालात त्याने एवढेच लिहिले की, 'हवेच्या पाइपात कापड आढळले, त्यामुळे टर्बोचा दाब मिळत नव्हता.' कापड कोणाचे हे आवारात सर्वांना ठाऊक होते. फेरी टाळण्यासाठी मुद्दाम गाडी बिघडवली, असा आरोप उत्तमरावांवर ठेवण्यात आला. दोष शोधल्याबद्दल अर्जदाराला प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्याने दोन्ही हातांनी घेतले.

६. दि. १८ जून रोजी अकोल्यात चौकशी झाली. कापड कोणाचे, असे चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले. अर्जदाराने 'उत्तमराव बोबडे यांचे' असे सांगितले. तेव्हा उत्तमराव पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून अर्जदाराकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "संघपाल, सांग ना साहेबाले, तो दुपट्टा मी तुले काहून देल्ला होता." अधिकारी लिहायचे थांबले. त्यांनी पेन खाली ठेवून वाट पाहिली. पर्यवेक्षकपदाच्या यादीत अर्जदाराचे नाव त्याच महिन्यात आले होते. अर्जदार म्हणाला, "मला आठवत नाही, साहेब." अधिकाऱ्यांनी पेन उचलले.

७. उत्तमरावांच्या बडतर्फीनंतर अर्जदाराला झोप लागेना. त्याने पहिला अर्ज केला. ज्याने दोष शोधला त्यानेच तो केला हे ग्राह्य धरता येत नाही, तसेच प्रशस्तिपत्रप्राप्त कर्मचाऱ्याचा जबाब बदलण्याची तरतूद नाही, असे कळवून आपल्या कार्यालयाने प्रकरण नस्तीबंद केले. त्या अर्जात अर्जदाराने चौकशीच्या दिवसाचा उल्लेख केला नव्हता, हेही येथे नमूद करतो.

८. रविवार, दि. १ डिसेंबर रोजी अर्जदार बाळापूरला उत्तमरावांच्या घरी गेला व त्याने त्यांना सर्व सांगितले. त्यांच्या पत्नी पार्वताबाई उठून आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. उत्तमराव म्हणाले की, इतक्या महिन्यांत लोकांचे ऐकून ऐकून त्यांना स्वतःलाच वाटू लागले होते, बोळा काढायला सांगायचे आपणच विसरलो. अर्जदार मनातून अशी आशा धरून गेला होता की, ते म्हणतील, झाले ते झाले, आता पुन्हा अर्ज देऊन स्वतःचे पोट कशाला मारतोस. त्याने तसे सुचवूनही पाहिले. घरात दोन लेकरे शिकत आहेत, हेही सांगितले.

उत्तमराव म्हणाले, "तुई नोकरी गेल्यानं मायी बोटं उगवत नाहीत. तरी अर्ज दे."

सबब, उत्तमराव बोबडे यांना मागील तारखेपासून सेवेत घ्यावे आणि अर्जदारावर जी कारवाई नियमात बसेल ती करावी. हा अर्जही ग्राह्य धरता येत नसल्यास तसे उत्तर अर्जदाराला न पाठवता उत्तमरावांच्या बाळापूरच्या पत्त्यावर पाठवावे, कारण अर्जदाराने अर्ज दिला की नाही याची विचारणा त्यांच्याकडून रोज होते.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत, नम्र,

(सही)
संघपाल मोतीराम सिरसाट
अमरावती, दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत : १) दुरुस्ती नोंदवहीतील दि. ११ मार्चच्या पानाची प्रत.
२) दि. १८ जूनच्या जबाबाची प्रत.