डाव्या कोपऱ्यावरच्या सुनेला

तुझी सगळी बक्षिसं भंगारात गेली. ढाली, कप, एक पाय उचलून उभी असलेली ती सोनेरी पत्र्याची बाई, सगळं गेलं. भंगारवाल्यानं बदल्यात एक निळा टब दिला. टब! आणि देणारा कोण? तुझा नवरा. माझा परशा. मी पेणच्या बाजारात गेले होते, तेवढी वेळ साधून त्यानं उरकलं. मी येऊन बघते तर फळीवर नुसते धुळीतले गोल डाग.

आता रीतीचं लिहिते. प्रिय सुनंदे, तू होतीस तेव्हा तुला मी कधी प्रिय म्हटलं नाही. सासवा म्हणत नसतात. कागदावर लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, उगाच हुरळून जाऊ नकोस. माझी चौथीपर्यंतची अक्षरं, वाकडी येतील. तुझ्या धनूकडून लिहून घेतलं असतं, पण गोष्ट तिचीच आहे.

नुसत्या टबापायी मी तुला कागद लिहीत नाही. तुझी लेक गावच्या कबड्डीच्या संघात आली. नववीतली पोर, पण आता संघ बघणाऱ्या तुझ्या मंदानं तिला उभी केली आहे कुठं, तर डाव्या कोपऱ्यावर. तुझ्या जागेवर. उद्या रोह्याला सामना आहे. आणि परशा म्हणतो, नाय जायचं.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा हळदीला तुझे गुडघे बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. काळे, खरवडलेले, म्हशीसारखे. मी म्हटलं, "पोरगी भाताची लावणी गुडघ्यावर करते काय?" तुझी आई लाजली, तू नाही. तू म्हणालीस, "कबड्डी खेळते मी, आये." नवरीनं हळदीत तोंड उघडायचं असतं का? तुला कोणी सांगितलंच नव्हतं वाटतं.

मी बोलले, खूप बोलले. चड्डी घालून मैदानात लोळणारी सून मला नको होती आणि तसं मी तुझ्या तोंडावर सांगितलं. मागून कधी बोलले नाही, तेवढं माझं मान्य कर. तू ऐकून घ्यायचीस, भाकऱ्या थापायचीस आणि वेळ झाली की जायचीस! तुझ्याशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडायचं. सांग, अशी कशी गो तू?

गणपतीच्या कारखान्यातून सुटलीस की तशीच भात कापलेल्या शेतात सरावाला. हात धुवायलाही थांबायची नाहीस. मूर्तीच्या पितांबराचा पिवळा रंग बोटांना तसाच. मग चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरलास की त्याच्यावर तुझी पिवळी बोटं उठायची. मंदा हसून सांगायची, "आये, तुमच्या सुनेनं आज चौघींना हळद लावली." मी हसले नव्हते. आता लिहिताना हसू येतंय, आणि कोणाला दाखवू?

ते निडीच्या सामन्यांचं आठवतं का? कसं विसरशील! आपल्यात लग्न झालेल्या पोरीनं सासरच्या गावाकडून खेळायचं, ही रीत. आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना पडला तुझ्या माहेराशी. समोरून चढाईला आली कोण? तुझी धाकटी बहीण. मला वाटलं, सोडशील तिला. बहीण आहे, पाठची आहे. तू अशी झेपावलीस की तिचा घोटा तुझ्या दोन्ही हातांत, आणि ती तोंडावर आपटली. तुझा बाप कपाळाला हात लावून ओरडला, "पोरगी दिली ती दिली, वर कप पन दिला!" तुझी आई गौरी येईपर्यंत तुझ्याशी बोलली नाही.

घरी येताना मी तुला विचारलं, "बहिणीला धरताना काय वाटलं नाय?" तू म्हणालीस, "सोडली असती तर ती माझ्याशी जन्मात बोलली नसती." त्याच्यानंतर मी तुझ्या खेळाबद्दल बोलायची थांबले. हरले म्हणून नाही. बोलायला काही उरलं नाही म्हणून.

सामना असला की मी तुझ्या वाट्याच्या दोन भाकऱ्या जास्त टाकायची. खेळून आलीस की तुझी भूक राक्षसाची. त्या दिवशीही टाकल्या होत्या. तुम्ही रोह्याला जिंकलात म्हणून मंदाचा फोन आला होता. म्हटलं, आता गुलाल खेळत बसतील, उशीर होणार. आणि दिवेलागणीला दुसरा फोन आला. खांब गावाच्या पुढं टेम्पो उलटला. पोरींना खरचटलं, कोणाचा हात मोडला. गेलीस ती तू एकटी.

का बसलीस गो टेम्पोच्या फळीला टेकून? मंदा सांगते, एका पोरीला गाडी लागत होती म्हणून तिला तू आत घेतलंस आणि स्वतः कडेला सरकलीस. टेम्पोत कुठला आलाय कोपरा, बाय? तिथं कोणाला धरायचं होतं तुला? त्या पोरीचं आता लग्न झालंय. मला रस्त्यात दिसली की ती वाट बदलते. मी काय खाणार आहे का तिला! तिला सांगावंसं वाटतं, तुझी काही चूक नाही. पण माझ्या तोंडातून गोड शब्द निघाला तर पोर घाबरून पळेल.

दहाव्याचं तुला माहीत असेल, तू तिथंच होतीस असं सगळे म्हणत होते. खाडीच्या बांधावर पिंड ठेवला. कावळे तिवरांच्या झाडांवर बसलेले, एक खाली उतरेना. तुझा बाप म्हणाला, धनूला सांभाळू. नाही. मी म्हटलं, तुझं सोनं धनूचंच. नाही. कोणी म्हणालं, परशाचं दुसरं लग्न करणार नाय. तरी नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, म्हणजे खरा शिवत नसेल तर गवताचा शिववून मोकळं व्हायचं.

तेव्हा मंदा परशाला म्हणाली, "दादा, तिला काय पायजे ते तुला ठावं हाय. सांग की तिला."

परशा पुढं झाला. हात जोडले. म्हणाला, "सुनंदा, धनूला खेळू देईन. तुझ्याच जागेवर." आणि भटजींच्या हातातला दर्भ हातातच राहिला. शिवला कावळा!

मी कावळ्यावर भरवसा ठेवणारी बाई नाही. अंगणात जवळा सुकायला घातला की हेच मेले चोऱ्या करतात. भूक लागली असेल, उतरला असेल. पण परशाचा शब्द कावळ्यानं दिलेला नाही, परशानं दिलेला आहे. गावासमोर. तुझ्यासमोर.

काल संध्याकाळी तेच त्याला विचारलं. "परशा, बांधावर काय कबूल केलं होतंस?"

"आये, लोक उन्हात उभे होते. काहीतरी बोलायला लागत होतं."

"मग काशीला जाईन म्हणायचं होतंस. हेच बरं आलं तोंडात?"

"गावात खेळू दे. पेणला खेळू दे. रोह्याला नको."

"रोह्यानं काय घोडं मारलं?"

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "तोच रस्ता हाय गो, आये."

काय सांगू तुला, मी गप्प झाले. मी! चाळिशी उलटलेला बाप्या, कंपनीत लोखंड उचलणारा, आणि त्याचा आवाज असा आला जसा लहानपणी ताप चढला की यायचा. तेव्हा मला कळलं त्यानं बक्षिसं का काढली. खेळाचा राग नाही त्याला. त्या फळीकडं बघून त्याला जेवण जात नव्हतं. मला सांगायचं होतं ना? पण सांगतोय कुठं. तू गेल्यापासून तो घरात असा वावरतो जसा पाहुणा.

तरी मी त्याला म्हटलं, "त्याच रस्त्यानं ती नवरी होऊन आली होती, परशा. तो रस्ता नुसता मरणाचाच धरून का बसलास?" तो उठून अंगणात गेला. आज पहाटे पहिल्या शिफ्टला निघून गेला, चहा न घेता.

आणि धनू? ती दाराआड होती, सगळं ऐकलं तिनं. रडली असती तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. गुपचूप पिशवीतून गुडघ्याच्या पट्ट्या काढल्या आणि घडी करून ट्रंकेत ठेवल्या. तुझ्यासारखी हट्टी असती तर मला काळजी नव्हती. ही बापावर गेली आहे, आतल्या आत गिळते. आज नाही म्हटलं तर ही परत कधी विचारायची नाही, सुनंदे. हे परशाला कळत नाही. मला कळतं, कारण एक असा मी वाढवला आहे.

तर माझा शब्द ऐक. उद्या सकाळी धनूला घेऊन मी एसटीनं रोह्याला जाणार. ती खिडकीशी, मी तिच्या बाजूला. खांब आलं की तिला डोळे मिट म्हणणार नाही. बाहेर बघ म्हणेन, तुझी आई इथं गेली, सामना जिंकून येताना. रडायचं असेल तर कोलाडपर्यंत रड म्हणेन, मग नाक पूस. मैदानावर मी पहिल्या रांगेत बसणार, आणि पंचानं काही वाकडं केलं तर माझं तोंड अजून शाबूत आहे.

पण मी आजी आहे. मी नेली तर ती आजीच्या हट्टानं जाईल, आणि चोरी केल्यासारखी खेळेल. तिला बापाचा होकार पाहिजे. म्हणून हा कागद देवापुढं ठेवत नाही, तुझ्या फोटोपुढंही नाही. परशा चार वाजता शिफ्टवरून येईल, तेव्हा त्याच्या ताटात वाढणार आहे. भाकरीच्या आधी.

तुझी सासू, जिला तू आये म्हणायचीस,
यशोदा

आणि हे बघ, तू स्वप्नात येऊन मला काही सांगू नकोस. मंदानं मध्ये पडायचं नाही, धनूनं काही विचारायचं नाही. उत्तर परशानं द्यायचं. तोंडानं. लेकीसमोर उभं राहून. आजच.