छातीशी

सोमवार, दि. ३
ईश्वरकृपेने सुखरूप पोहोचलो. सेवानिवृत्तीनंतर रिकाम्या घरात पोथ्यांशी बोलत बसण्यापेक्षा लेकीकडे राहावे, हा निर्णय पहिल्याच दिवशी योग्य वाटू लागला आहे. मला वरची खोली दिली आहे. खिडकीखालीच जावयांची सुतारशाळा असल्यामुळे ताज्या लाकडाचा गंध थेट उशीपर्यंत येतो. माझ्या दाराबाहेर लेकीच्या कुंड्या आणि त्यांच्या शेजारी खिळ्याला टांगलेली तिची निळी बादली. माझी ग्रंथांची पेटी जावयांनी स्वतः वर आणली आणि धापा टाकीत म्हणाले, “बाबा, ज्ञान जड असतं हे ऐकून होतो, आज पाठीला पटलं!”
मुख्य वार्ता शेवटी लिहितो. घरात पाळणा हलणार आहे. तो पाळणा मी माझ्या हातांनी करणार, असे जाहीर करून टाकले. लेक हसली, पण तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

बुधवार, दि. ५
आज यंत्राचा परिचय झाला. लोखंडी टेबलाच्या मधोमध, चिरेतून वर आलेले करवतीचे गोल पाते. पूर्वीच्या सुताराच्या निधनानंतर जावयांनी ही जागा यंत्रासकट घेतली. शिष्याने गुरूला शिकवावे तशा गांभीर्याने त्यांनी मला नियम सांगितले. बाह्या सैल नकोत, हातमोजे नकोत. पात्याच्या रेषेत उभे राहू नये, कारण लाकूड अडकले की उलट उसळते. शेवटची वीत हाताने नव्हे, काठीने ढकलावी. मनगटावरची जपमाळही काढून ठेवावी लागली. थोडे जड गेले. परंतु नामाला मण्यांची गरज नाही, असे मनाला समजावले.
एक रीत मात्र त्यांना जुन्या सुताराने भिंतीवर लिहून ठेवलेल्या नियमांतून मिळाली आहे. भुसा काढण्याचे दार यंत्राच्या मागे, खाली आहे. तेथे बसून आत हात घालणारा माणूस बटणापाशी उभ्या असलेल्याला दिसत नाही. म्हणून सुरू करणाऱ्याने “हात?” अशी हाक द्यायची, आणि दुसऱ्याने दोन्ही तळवे उरावर ठेवून “छातीशी!” म्हणायचे. उत्तराशिवाय बटण दाबायचे नाही. एकटे असलो तरी हाक मात्र द्यायचीच. मला ही रीत मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करण्याच्या न्यासविधीसारखी वाटली. लेक कुंड्यांसाठी त्याच दारातून निळ्या बादलीत भुसा नेते, पण यंत्र थांबलेले असतानाच. तिला उत्तर शिकवू लागलो तर म्हणाली, “तुमचा मंत्र तुम्हालाच लखलाभ. मी नाही बाई असलं काही ओरडणार!”

शनिवार, दि. ८
पाळण्याच्या दोन बाजू कापून झाल्या. हात स्थिरावला आहे.
एक नोंद करून ठेवतो. दुपारी जावयांनी हाक दिली, मी उत्तर दिले, आणि माझ्या शब्दामागोमाग तोच शब्द पुन्हा उमटला. प्रतिध्वनी म्हणावा तर भिंतींकडून आला नाही, टेबलाखालून आला. शब्द नित्य आहे, उच्चारणारा लोपला तरी तो लोपत नाही, हा सिद्धान्त मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आज प्रथमच तो आठवून बरे वाटले नाही.

मंगळवार, दि. ११
आता प्रतिध्वनी म्हणता येत नाही. आज उत्तर माझ्या आधी आले. आवाज माझाच. श्लोक म्हणताना होतो तसा किंचित अनुनासिकही. मी ओठ उघडलेच नव्हते. जावयांनी सहज बटण दाबले. मी तळवे छातीवर ठेवून तसाच उभा राहिलो.
त्यांना सांगितले. ते आदराने हसले. म्हणाले, बाबा, सवयीनं तोंडातून जातं, आपल्याला कळतही नाही.

बुधवार, दि. १२
डाव्या हाताने कागद दाबता येत नाही, म्हणून अक्षर वाकडे.
भुशाच्या दारात ढलप्या अडकल्या होत्या. मी मागे बसून हात आत घातला. जावयांची हाक आली. मी ‘थांबा’ म्हणण्यासाठी श्वास घेतला आणि माझ्या मनगटाजवळून, आतल्या अंधारातून, शांतपणे — “छातीशी.”
पाते फिरले. मधल्या बोटाचे नख गेले. बोट राहिले, ही ईश्वराची कृपा.
जावई पांढरेफटक पडले. रडत म्हणत होते, “बाबा, तुम्ही बोललात हो! मी ऐकलं!”
लेकीला सांगितले, लाकूड तासताना पटाशी लागली. अशा दिवसांत तिला धसका नको, असे आम्ही दोघांनी ठरवले.

गुरुवार, दि. १३
जुन्या सुताराची पत्नी येथे राहिलेला त्याचा चष्मा न्यायला आली होती. माझी पट्टी पाहिली आणि मटकन खाली बसली. तिने सांगितले, तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ पूर्वी त्याच भुशाच्या दाराशी बसला होता. नवऱ्याने ‘हात?’ विचारले, भावाच्या आवाजात उत्तर आले. भावाचा हात गेला, मग हाय खाऊन भाऊही गेला. भाऊ अखेरपर्यंत शपथेवर सांगत राहिला की मी तोंड उघडले नव्हते. नवरा शपथेवर सांगत राहिला की मी उत्तर ऐकले. ती म्हणाली, “दोघंही खोटं बोलणारे नव्हते हो.”
जावयांना आता पटले. यंत्र काढून टाकायचे. केवळ पाळण्याची एक फळी उरली आहे. ती ते उद्या एकटे कापतील. मी वरच थांबायचे. माझ्या आवाजात उत्तर आले तर बटणाला हात लावायचा नाही, आधी मागे जाऊन पाहायचे, असे ठरले.
प्रार्थनेत आज मन लागले नाही. आपलाच आवाज ऐकवेना.

शुक्रवार, दि. १४
जावई खाली आहेत. यंत्र चालू — मी जप करतो आहे, मनातल्या मनात. ओठ मिटून.

यंत्र थांबले. फळी उलटवीत असतील. आता एकच काप.

मघापर्यंत स्वयंपाकघरात लेक गुणगुणत होती. आता नाही.

खालून हाक. “हात?”
मी तोंडावर तळवा दाबून धरला आहे. माझा आवाज येणार नाही. आला तरी ते थांबतील, ठरले आहे —

उत्तर आले.

माझा नव्हे. हसरा, स्वच्छ — लेकीचा —
आम्ही फक्त माझ्याच आवाजाचा विचार — ती हे कधीच म्हणत नाही, म्हणणारच नाही म्हणाली होती —

खिळ्यावर निळी बादली नाही —